उजनीवर गळ टाकायला जायच्या आधी : आपल्या गळवाल्या मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

पुणे, दौंड, बारामती, इंदापूर आणि पार सोलापूरपर्यंतच्या आपल्या सगळ्या गळ टाकणाऱ्या लोकांना हे लिहितोय. उजनी धरणावर सगळ्यांनी मिळून एक दिवस गळ टाकून बसायचं हा विषय परत निघालाय, या वेळी माणसंही बऱ्यापैकी तयार आहेत आणि नियोजनाचं काम माझ्याकडे आलंय, तर माझं म्हणणं आधीच उघड सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणाला वाटायला नको की हे ठरलं कधी आणि कुणी ठरवलं. भिगवणच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणाच्या मागे पसरलेल्या पाण्यावर, जायचं असेल तर तिथल्या मच्छीमारांना विचारून, त्यांच्या सोयीच्या तारखेला, त्यांना रीतसर पैसे देऊन जायचं. ते नको म्हणाले तर जायचं नाही. बाकी रॉड कुठला, आमिष काय, नाष्टा कुठे हे सगळं त्यानंतर.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे पटत नाही हे मला माहितीय. "धरण सरकारचं आहे, पाणी सगळ्यांचं आहे, आपण चार गळ टाकले तर कुणाचं काय जातं" हे मी कितीदा ऐकलंय. पण सरकारचं म्हणजे नेमकं कुणाचं ते बघा ना. धरण आणि पाणी जलसंपदा खात्याचं, आणि मासे धरायचा हक्क ठेक्यानं नाहीतर परवान्यानं स्थानिक मच्छीमारांना आणि त्यांच्या संस्थांना दिलेला असतो, धरणागणिक पद्धत थोडी वेगळी. ही माणसं त्या हक्काचे पैसे भरतात, बीज म्हणजे माशांची पिल्लं आणून सोडतात, रात्री जाळी लावून पहाटे काढतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, म्हणजे आता कागदावरसुद्धा हे शेतच आहे. कुणाच्या उसात आपण न विचारता शिरत नाही, कणीस तोडत नाही, मग पाण्यातल्या पिकाला हात घालताना का विचारू नये? आणि उजनीच्या काठचे कितीतरी लोक धरणातच घरदार जमीन गेलेले आहेत. आधी नदीकाठचं शेत गेलं, मग त्याच पाण्यावर पोट चालवायची वेळ आली. भोई, कोळी तर पिढ्यानपिढ्या भीमेवरच होते. त्यांच्यासमोर जाऊन पाणी सगळ्यांचं आहे म्हणायला मला तरी जमणार नाही.

आता तारीख. इथे मला जरा सविस्तर बोलायचंय कारण सगळ्यात जास्त ओढाताण इथेच चाललीय. अर्ध्या मंडळींचं म्हणणं जुलैत जाऊ, गटारीच्या आधी, श्रावण लागला की घरात मासे बंद, पाऊस झालेला असतो, नवीन पाणी येतं आणि मासा चढायला लागतो, तेव्हा जसा गळाला लागतो तसा वर्षभरात लागत नाही. हे खरंय, लागतो. पण तो का चढतो? रोहू, कटला, मृगळ ही आपली मोठी मंडळी साठलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत. त्यांना वाहतं, गढूळ, नवीन पाणी लागतं, पावसात नदीला लोंढा आला की पोटात अंडी भरलेली मादी प्रवाहाच्या विरुद्ध वर निघते आणि उथळ, पसरट पाण्यात जाऊन अंडी सोडते. त्या वेळी ती जड झालेली असते, दमलेली असते आणि उथळात असते म्हणून सापडते. मोठ्या रोहूच्या एका मादीच्या पोटात लाखोंनी अंडी असतात. तिला तेव्हा ओढून काठावर आणली की पुढच्या दोन-तीन वर्षांचा मासा आपणच संपवला, आणि सोडून दिली तरी धडपडीत अंडी सांडतात, ती परत चढेलच याचा भरवसा नाही.

धरणात हे गणित अजून अवघड असतं कारण वर जायची वाट कुठे बंधाऱ्यानं अडलेली, कुठे पाणी इतकं घाण की मासा फिरकत नाही. म्हणून तर धरणात बाहेरून बीज आणून सोडावं लागतं. मत्स्यजिरे म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, मग अर्धबोटुकली, मग बोटाएवढी बोटुकली असं वाढवत नेतात आणि बोटुकली झाली की जलाशयात सोडतात, कारण जिरे तसेच सोडले तर दुसरे मासे दोन दिवसात फस्त करतात. हे बीज केंद्रात तयार करायची युक्तीसुद्धा फार जुनी नाही. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या मोठ्या कार्प माशांचं प्रजनन पहिल्यांदा यशस्वी केलं, त्याच्या आठवणीत १० जुलैला देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. त्याआधी बीज हवं असेल तर मुख्यतः पुराच्या पाण्यातूनच गोळा करायचं. एवढ्या खटपटीनं जे तयार होतं, पैसे देऊन आणून सोडलं जातं आणि त्यातून जो वाढून पहिल्यांदा अंड्यावर येतो तोच मासा आपण नेमका जुलैत गाठायचा, हे मला अजिबात मान्य नाही. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी राज्यात बंद असते, ती का असते हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे, कोकणातल्या माणसाला तर सांगायलाच नको. मग गोड्या पाण्यातल्या माशाला तेवढी सवड द्यायला आपल्याला काय हरकत आहे?

महाडजवळ वाळणकोंडीला कधी गेलाय का? काळ नदीचा डोह आहे, वरदायिनी देवीच्या नावानं राखलेला. तिथल्या माशांना कुणी गळ लावत नाही, लोक चुरमुरे टाकतात आणि मोठमोठे महाशीर वर येतात. गावानं ठरवलं की मासा टिकतो हे तिथे डोळ्यांनी दिसतं. आपण काही अख्खं उजनी राखायला निघालेलो नाही, फक्त जून ते सप्टेंबर हात आवरायचाय.

तर जुलै नाही, ऑगस्ट नाही. मग कधी? मे म्हणणारेही आहेत, सुट्ट्या असतात, पोरं मोकळी असतात. मे महिन्याचं उजनी बघितलेल्यांना माहिती आहे की धरण तेव्हा बहुतेकदा मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, असतं. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आणि त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे शून्य टक्के म्हटलं तरी पाणी भरपूर असतं आणि त्यातसुद्धा फार उतरलं तर पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ उघडं पडतं. पाणी आकसलं की मासा दाटतो आणि मच्छीमारांची खरी कमाई त्याच दिवसांत असते, पुढे पावसाळ्यात हात बांधलेले असतात म्हणून ते तेव्हा रात्रंदिवस पाण्यावर असतात. त्यांच्या सुगीच्या दिवसांत आपण गाड्या भरून काठावर हजर व्हायचं, त्यांच्या जाळ्यांच्या मधे गळ टाकायचे, हे बरं दिसत नाही. शिवाय मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो, त्याबद्दल खाली लिहितोच.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी जास्त असते, कार्प सुस्त असतो, दुपारी दोन-तीन तास जरा हलतो तेवढंच. मला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. ऊन वाढायला लागलेलं असतं, पाणी काठावरून थोडं मागे सरकलेलं असतं पण धरणात पुष्कळ असतं, अंड्यांचा हंगाम लांब असतो आणि वाराही त्या मानानं शांत. वार शनिवार घेऊ, रविवार नको. रविवारी फ्लेमिंगो बघायला पुण्याहून गर्दी असते, कुंभारगाव, डिकसळ भागातले होडीवाले पर्यटकांना घेऊन जातात आणि तो त्यांचा हंगामी धंदा आहे, आपल्यासाठी त्यांची होडी आणि दिवस अडवायचा नाही. अर्थात मी म्हणतोय म्हणून शनिवार पक्का असं नाही, संस्थेच्या लोकांनी मंगळवार सांगितला तर रजा टाकून मंगळवारी जायचं.

जागेचं बोलू. उजनीचा फुगवटा इतका पसरलेला आहे की एका काठाला तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात असता, समोर सोलापूर जिल्ह्याचा करमाळा, आणि वरच्या अंगाला कर्जतची हद्द लागते, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. त्यामुळे आधी काठ ठरवायचा आणि मग त्या काठाच्या लोकांना, त्या जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि जलसंपदाच्या ऑफिसात विचारायचं, लेखी अर्ज देऊन. भिगवणला विचारून करमाळ्याच्या काठावर बसलो तर विचारल्याचा उपयोग नाही. धरणाच्या भिंतीजवळ, दरवाज्यांच्या खाली वगैरे कुणी नावच काढू नका, तिथे बसायला मिळत नाही आणि मिळू पण नये, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही.

मी मुरमाड काठ शोधायच्या मताचा आहे. याचं कारण गाळ. पाणी मागे गेलं की वरून वाळलेला, भेगा पडलेला गाळ दिसतो, माणूस म्हणतो घट्ट आहे, चार पावलं जातो आणि गुडघ्यापर्यंत रुततो, धडपडला की मांडीपर्यंत. मोठा मासा लागला की आपण त्याच्या मागे पाण्याकडे ओढले जातो, भान राहत नाही, त्या वेळी गाळ असला तर काही खरं नाही. आणि त्याच गाळावर हिवाळ्यात फ्लेमिंगो, पट्टकादंब, बदकं चरायला उतरलेली असतात, लांबलांबून आलेली, त्यांना उठवत बसायचं नाही. मुरमाड काठ घेतला की माणूस पण सुरक्षित आणि पक्षी पण निवांत.

दुसरी गोष्ट जी शहरातून आलेल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही ती म्हणजे मोटारी. उजनीच्या काठावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी रांगेनं आहेत, त्यांच्या केबली जमिनीवरून, कधी पाण्यातून गेलेल्या, जोड कुठे तरी चिकटपट्टीनं गुंडाळलेला. अशा ठिकाणी पाण्यात उतरून उभं राहायचं नाही म्हणजे नाही. गळ पाईपात अडकला तर दोरी तोडायची, सोडवायला आत जायचं नाही. वरून विजेच्या तारा गेल्यात का ते बघूनच जागा धरायची, कारण आपले हल्लीचे रॉड कार्बनचे आहेत आणि कार्बनमधून करंट जातो. बारा फुटी रॉड उचलून मागे झोका घेतला की तो कुठपर्यंत पोचतो याचा विचार करा. ढग गडगडायला लागले तर रॉड आडवा ठेवून गाडीत बसायचं, मासा लागलेला असला तरी.

होडीचा विषय. होडीतून गळ टाकायचा हट्ट काही जणांचा आहे, मधल्या खोल पाण्यात मोठा कटला मिळतो म्हणून. माझा विरोध आहे आणि तो कायम राहील. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. रोजच्या वाटेवर हे झालं. उजनीवर वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात, किनारा दिसत असतो पण गाठता येत नाही. त्यात आपण उभं राहून रॉड फिरवणार, एका बाजूला चार जण फोटोला झुकणार. नको. आपण काठावरूनच बसू. पलीकडच्या काठाला जायलाच लागलं तर होडीवाला सांगेल तेवढीच माणसं, प्रत्येकाच्या अंगात बंद लावलेलं लाईफ जॅकेट, होडीवाल्याकडे नसतील तर आपण भाड्यानं घेऊन जायची, आणि दुपारनंतर पाण्यावर कुणी नाही. पोहता येतं म्हणून जॅकेट नको म्हणणाऱ्यानं घरीच थांबावं, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. बरोबर येणाऱ्या पोरांना काठावरसुद्धा जॅकेट.

आता गळाचं. स्पर्धा ठेवायची, सगळ्यात मोठ्या माशाला बक्षीस, अशी मागणी आहे. मला माहितीय त्याशिवाय काहींना मजा येत नाही. पण वजनाचं बक्षीस लावलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, मासा दिवसभर जाळीत कोंबून ठेवायचा, सगळ्यांना दाखवायचा, काट्यावर लटकवायचा, मग संध्याकाळी सोडला की तो उताणा तरंगतो. ऊन चढलं की पाण्यात ऑक्सिजन कमी, मासा आधीच झुंजून दमलेला, त्यात हे. त्यामुळे स्पर्धा नाही. फोटो काढा, लांबी मोजा, वहीत लिहा, कुणाला काय आमिषावर लागलं याची नोंद सगळ्यांच्या कामाला येईल.

गळाचा उलटा काटा प्लायरनं दाबून टाकायचा. मासा सुटतो अशी ओरड होईल, पण दोरी ताणून ठेवली तर सुटत नाही, आणि सोडवताना तोंड फाटत नाही. तीनतोंडी गळ नको. रोहू-कटल्याला एकच गळ, कणकेचा गोळा नाहीतर शेंगदाण्याची पेंड, ब्रेड, भाजलेल्या डाळ्याचं पीठ. मरळ, वाम, शिंगाळ्याला गांडूळ. हात ओले करून मासा धरायचा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथून मग त्याला बुरशी लागते. कल्ल्यात बोट घालून उचलायचा नाही. खाली ओलं गोणपाट अंथरायचं, दगडावर, मुरमावर आपटायचा नाही. हातजाळी दोघातिघांत एक तरी हवीच. आणि सोडताना फेकायचा नाही, पाण्यात धरून ठेवायचा, तो स्वतः शेपटी मारून निघाला की हात काढायचा.

कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा यावर माझं मत असं, चिलापी (तिलापिया) ठेवा, बाकी सोडा. चिलापी आपल्याकडची नाही, १९५२ मध्ये बाहेरून देशात आणली, आणि रोहूसारखे तिचे पुराचे लाड नसतात. साठलेल्या पाण्यात वर्षभर वीण होते, आपण ज्या माशाला सरसकट चिलापी म्हणतो त्याची मादी तर अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे ती कुठेही फोफावते. भिगवणच्या बाजारात बघा, ढीगच्या ढीग चिलापीचे. आपण पाच-दहा किलो धरली तर धरणाचं काही अडत नाही आणि दुपारच्या रश्श्याला तेवढी पुरते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) लागला तर तो संस्थेचा. सोडून द्या, किंवा ते म्हणाले ठेवा तर त्यांच्या वजनकाट्यावर त्यांच्या भावानं पैसे देऊन घ्या, घासाघीस न करता. मरळ, शिंगाळा, शिवडा, वाम हे इथलेच जुने मासे, आता कमी दिसतात, ते सरळ सोडायचे. सकर मासा लागला, तो काळपट, अंगावर कवचासारखे खवले असलेला, तर मात्र परत पाण्यात टाकायचा नाही. तो ॲक्वेरियममधून लोकांनी सोडलेला मासा आहे आणि आता जाळी फाडत फिरतो, मच्छीमार वैतागलेत. थाई मागूरचंही तेच, तो पाळायला देशात बंदी आहे, पाण्यात परत जायला नको. आणि कुणी घरच्या टाकीतले मासे पुण्य म्हणून सोडायला बरोबर आणणार असेल तर कृपा करून आणू नका.

जाळ्यांचं एक सांगायचं राहिलं. मच्छीमार संध्याकाळी जाळी लावतात आणि सकाळी काढतात, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या बाटल्या दिसतात त्या त्यांच्या खुणा. मी स्वतः पाहिलंय, एका बाहेरून आलेल्या ग्रुपमधल्या पोराचा गळ जाळ्यात अडकला आणि त्यानं गळ वाचवायला चाकूनं जाळं कापलं. शंभर रुपयांचा गळ, आणि त्या माणसाचं जाळं दोन दिवस विणायला बसावं लागेल एवढं फाटलं. आपल्यात असं होता कामा नये. अडकला तर स्वतःची दोरी कापायची, होडीवाल्याला सांगायचं, तो सवडीनं गळ काढून देईल. जाळी निघाल्यावरच आपण गळ टाकायला सुरुवात करू, पहाटेचा चांगला तास जाईल, जाऊ दे. ते दाखवतील त्याच पट्ट्यात बसू. वीस जणांच्या वर संख्या नको, नाहीतर दोऱ्यात दोऱ्या गुंतून भांडणंच होतील.

ही माणसं स्वतः पाण्याची किती काळजी घेतात हे आपल्याला दिसत नाही. वडाप नावाच्या बारीक जाळ्यानं बोटभर पिल्लं उपसून नेणाऱ्यांच्या विरोधात सगळ्यात आधी तिथलेच मच्छीमार ओरडलेत. बॉम्ब फोडून, विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी कुठे कुठे चालतं आणि त्याचा फटका पण त्यांनाच बसतो. आपण गेल्यावर असलं काही दिसलं तर गुपचूप व्हिडिओ काढून टाकत बसण्यापेक्षा संस्थेला सांगायचं, पुढे काय करायचं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

चारा टाकायचा म्हणून पाच-पाच किलो पेंड, मैदा, शिळे ब्रेड पाण्यात ओतायची सवय सोडा. मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेत येतं आणि शेवटी उजनीतच साठतं, पाणी हिरवं होतं, वास येतो, जलपर्णी पसरते. आपल्याच घरांचं पाणी ते लोक पीत आलेत, त्यात अजून आपला कुजणारा चारा कशाला. मूठभर पुरतो. आणि तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. तुटलेला तंगूस एक वीतभर सुद्धा काठावर राहता कामा नये, पक्ष्याच्या पायात गुंतला की पाय कापला जातो आणि तो पक्षी उपाशी मरतो. प्रत्येकानं एक जुनी बाटली आणायची, तुटकी दोरी, वाकडे गळ, शिसं सगळं त्यात भरून घरी न्यायचं. आपला आणि आपल्या आधी कुणी टाकलेला, दोन्ही कचरा उचलू.

जेवण तिथल्याच एखाद्या घरी सांगू. चिलापी आपण देऊ, तळलेली आणि रस्सा, ज्वारीची भाकरी, कांदा. जी माऊली चुलीपुढे बसून वीस माणसांचं करणार तिला ती म्हणेल तेवढे पैसे आदल्या दिवशीच द्यायचे. शाकाहारी दोघं-तिघं येतायत त्यांच्यासाठी पिठलं. दारू नाही. पाणी, गाळ, विजेच्या केबली आणि पोरं बरोबर असताना दारू नाही, यावर मी चर्चा करणार नाही. ज्यांना गटारी करायची त्यांनी आपापल्या घरी करावी.

काही जण म्हणतील एवढी कटकट असेल तर दुसऱ्या धरणावर जाऊ. जाऊ ना, पण प्रश्न तिथेही हेच असतात, उलट कधी वाढतात. जायकवाडीला पक्षी अभयारण्य आहे, कोयनेचा शिवसागर व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे वनखात्याचे नियम येतात आणि गळ घेऊन फिरणं महागात पडतं. मुळशी, वळवण टाटांच्या अखत्यारीत. लोणावळ्याला त्यांनी १९७० च्या दशकापासून महाशीरचं बीज तयार करून देशभर पाठवलंय, फार मोठं काम आहे ते, तिथे चोरून गळ टाकायला जाणं तर मला विचारातही आणवत नाही. भिगवण रेल्वेनं जोडलेलं, पुण्याहून सोलापूर हायवेनं शंभरेक किलोमीटर, आपल्या सगळ्यांना मधलं पडतं, आणि माणसं ओळखीची आहेत. रीतसर विचारलं तर नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. आपल्याआधी येऊन गेलेल्या लोकांनी विचारलंच नाही, अडचण तेवढीच आहे.

माझ्या मनात अजून एक आहे ते बोलून टाकतो. आपण एकदा नीट जाऊन आलो, पैसे वेळेवर दिले, काठ साफ ठेवला, मासे सोडले, तर संस्थेलाही दिसेल की जाळ्याशिवाय, मासा न मारता पण या पाण्यातून चार पैसे येऊ शकतात. पक्षी बघणाऱ्यांच्या होड्यांनी तसं होतंच आहे. मग हिवाळ्यात गळवाल्यांसाठी दिवसाचा पास, ठरलेला पट्टा, एक माणूस लक्ष ठेवायला, असं काही त्यांनीच सुरू केलं तर आपल्याला दरवेळी चोरासारखं कुठल्या तरी झुडपामागे बसावं लागणार नाही. पण ही मागणी आपण पहिल्याच भेटीत करायची नाही. आधी नीट वागून दाखवू, मग त्यांना वाटलं तर ते बोलतील.

येत्या रविवारी सकाळी मी भिगवणला संस्थेच्या लोकांना भेटायला जाणार आहे. माझ्याबरोबर दोघं हवेत, त्यातला एक तरी वयानं मोठा असावा, काकांपैकी कुणी आलं तर फारच बरं, बोलणं नीट होतं. अर्जाचा मसुदा मी लिहिलाय, त्यात तारखेची आणि रकमेची जागा मोकळी सोडलीय, ती ते सांगतील तशी भरू. वर लिहिलेलं ज्यांना मान्य आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव, बरोबर किती पोरं आणि लाईफ जॅकेटचा साईज कळवा. ज्यांना मान्य नाही त्यांनीही कळवा, काय खटकलं ते सांगा, आपण बोलू. फक्त जुलैचा विषय परत काढू नका.

तुमचाच,
दौंडचा एक गळवाला